सगळ्या होड्या घरी

मिलिका रोकोतुईला पाण्याची भीती कधी वाटली नाही. ओवालाऊ बेटावरच्या वाइनिका गावात वाढलेल्या कुणालाच ती वाटत नाही. पोरं चालायला लागतात त्याच सुमाराला पोहायला लागतात. मिलिकाला भीती भेटली ती कोरड्या जमिनीवर, त्याच बेटावरच्या लेवुका शहरातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली खुर्चीवर बसलेली असताना. तेव्हापासून ती तिला सोडून गेलेली नाही.

लेवुक्यात बीच स्ट्रीटवर होड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथं ती गल्ल्यावर बसते. दोर, गळ, इंजिनाचे प्लग असलं काहीबाही विकते. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर लॅपटॉप घेऊन वेबसाइट करायला शिकते. लॅपटॉप तिच्या मामाचा. इकडे भाचीनं मागितलेली वस्तू मामानं नाकारायची नसते, मग ती चटई असो की डुक्कर. मिलिकानं लॅपटॉप मागितला. इनोकेमामा बोटीनं राजधानीला, सुव्याला जाऊन एक वापरलेला घेऊन आला आणि तिच्या हातात देताना एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला डुक्कर माग बाई. डुकराला चार्ज करावं लागत नाही."

मामाचं हे एवढं ऋण, म्हणून तिनं पहिलं काम केलं तेही मामाच्या उपयोगाचं.

वाइनिक्यात होड्यांच्या शेडवर पूर्वी एक फळी होती. फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका होडीची लाकडी पट्टी, एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं हिरवी. समुद्रावर निघताना लाल बाजू पुढं करायची, परत आलं की हिरवी. संध्याकाळी जेरेमाया आजोबा प्रार्थनेचा ढोल वाजवायला निघाले की आधी शेडपाशी थांबत. सगळं हिरवं दिसलं तर ढोलावर संथ ठोके पडत आणि लोक पुस्तकं घेऊन चर्चकडे निघत. एक जरी पट्टी लाल असली तर ठोके घाईचे पडत, आणि गावातले बाप्ये हातातला घास टाकून होड्या पाण्यात ढकलत. हे ठोके ऐकायची वेळ क्वचितच यायची. पण आली की लहान पोरांनासुद्धा अर्थ सांगावा लागत नसे.

मिलिकानं ही फळी फोनवर आणली. पानावर गावातली प्रत्येक होडी; निघताना एकदा बोट लावायचं, आल्यावर पुन्हा लावायचं. निघाली की लाल, आली की हिरवी. सुव्यात कामाला असलेल्या बायकांना बसल्या जागी कळायला लागलं की नवरा किनाऱ्याला लागला की नाही. जेरेमाया आजोबांनी नातवाचा जुना फोन घेतला आणि शेडपर्यंतचा हेलपाटा वाचवला. दोनेक महिन्यांत फळी इनोकेमामाच्या डुकरांच्या कुंपणाला लागली.

पान चांगलं चालत होतं, कारण ते मिलिकानं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे रंग, चित्रं, होड्यांची नावं तिची. पण माहिती आणून दाखवणारा मुख्य भाग तिनं एका तयार नमुन्यावरून जसाच्या तसा उचलला होता. त्याचं तिला मनातून खुपायचं. शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की ती अविनेश मास्तरांच्या वर्गाला जायची. मास्तर दर आठवड्याला बोटीनं येत आणि पाच-सहा जणांना जावास्क्रिप्ट ही वेबसाइटची भाषा शिकवत. त्यांनी क्लास शिकवला. क्लास म्हणजे साचा. होडी कशी असते, तिला काय काय विचारता येतं, ते एकदाच साच्यात लिहायचं. मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या होड्या काढायच्या. साच्यात एक ओळ बदलली की सगळ्या होड्या बदलतात. मिलिकाला हे फार आवडलं. तिनं उसना भाग काढून टाकला, स्वतःचा होडीचा क्लास लिहिला आणि त्यात 'परतली का?' असं विचारायची सोय केली. सराव म्हणून वेगळी वही वापरतात तसं वेगळं पान करायला मास्तरांनी सांगितलं होतं. तिनं गावाच्या चालू पानावरच सराव केला.

त्याच शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर पान उघडून पाहिलं. सगळ्या होड्या हिरव्या. दारात जाऊन किनाऱ्याकडे पाहिलं. सगळ्या होड्या खरोखरच बांधलेल्या. ती खूश होऊन झोपली. सगळं ठीक असतानाच तपासलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पान बिघडलेलं असतं तरी त्या वेळी ते असंच दिसलं असतं.

आठवड्याच्या मध्ये पेनी दुकानात आला. पेनी म्हणजे इनोकेमामाचा थोरला मुलगा, मिलिकाचा मामेभाऊ. इकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांशी सरळ बोलणं म्हणजे अपमानच. भेटले की टोमणे, आणि टोमण्याला टोमणा. कुणी रागावलं तर तोच वेडा ठरतो.

"काय गं इंजिनीअरबाई," पेनी गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाला, "तुझ्या पानाला माझी फारच काळजी. काल मी अजून होडीतच होतो, आणि त्यानं मला घरी आणून झोपवलंसुद्धा."

"घरी झोपण्याखेरीज तुला येतं काय? पानाला माणसं कळतात."

"मग होडी कशी नाही कळत?"

"होडीला तू कळतोस. म्हणून तर ती बंद पडते."

दुकानातली माणसं हसली. पेनीनं एक प्लग घेतला, "तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला समुद्रावर पाठवू नकोस हां, पानच त्याला बुडवेल," असं म्हणाला आणि गेला. मिलिका हसत उरलेले प्लग फडताळात लावत राहिली. त्यानं तिला खरी गोष्ट सांगितली होती. पण मामेभावानं सांगितली होती, म्हणून ती तिच्या कानात शिरलीच नाही.

पुढचा शनिवार उजाडला. शनिवारी गाव समुद्रावर असतं, कारण रविवारी कुणी कामाला हात लावत नाही आणि चर्चनंतरच्या जेवणाला मासे तर हवेतच. मिलिका सकाळच्या गाडीनं लेवुक्याला आली, दुपारी दुकान बंद करून वर्गाला गेली. बाहेर वारा वाढायला लागला होता. वाचनालयाच्या पत्र्यावर आंब्याची फांदी घासत होती.

मास्तरांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. "सर्व्हरला विचारलंय, हा माणूस आला का? सर्व्हर सांगणार आहे, नाही. मग ही अट खरी ठरेल की खोटी?"

"खोटी," मिलिका म्हणाली.

"खरी ठरेल," मास्तर म्हणाले. "सगळे इथंच आपटतात. आता नीट ऐका. तू रोटीच्या गाडीवर जातेस, रोटी मागतेस. ती बाई लगेच रोटी देते का?"

"टोकन देते."

"हां. ते टोकन म्हणजे प्रॉमिस. सर्व्हर, म्हणजे नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर, लांब आहे, त्याला वेळ लागतो. तोवर जावास्क्रिप्ट तुझ्या हातात टोकन ठेवतं. रोटी मिळेल, किंवा बाई म्हणेल संपली. ते नंतर कळणार. आता मी तुला विचारलं, हातात काही आहे का? तू काय म्हणशील?"

"आहे."

"बस. जावास्क्रिप्टही तेवढंच बघतं. हातात काहीतरी आहे, म्हणजे होय. टोकनाच्या पोटात नकार असला तरी होय. म्हणून आधी थांबायचं, 'अवेट' लिहायचं, उत्तर हातात येऊ द्यायचं, आणि मग विचारायचं. नाही थांबलात तर काहीही विचारा, उत्तर कायम होयच."

भीती एकदम येत नाही, हे मिलिकानं नंतर सांगितलं. आधी नुसतं वाटलं की आपण काहीतरी विसरलोय, चुलीवर भांडं राहिलंय. तिनं क्लासमधली 'परतली का?' ही ओळ आठवली. त्या ओळीत अवेट नव्हतं. मग तिला पेनीचं बोलणं शब्द न् शब्द आठवलं.

तिनं फोन काढला आणि पान उघडलं.

शनिवारची दुपार. या वेळी पान लालभडक असायला हवं होतं. सगळ्या होड्या हिरव्या होत्या. एकूण एक होडी घरी, मामाची 'लुसियाना'सुद्धा. मामानं होडीला मामीचं नाव दिलं होतं.

"सर," ती म्हणाली, आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

मामा शनिवारी एकटाच जातो, हे तिला माहीत होतं. बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकांच्या बाहेर, खोल पाण्यात, सुरमईसाठी. जुनं इंजिन, तेही एकच. एरवी मामी किनाऱ्यावर डोळा ठेवून असते. पण मामी महिनाभर सुव्यात होती, लेकीच्या बाळंतपणाला. पेनीचं घर वेगळं, मामाचं रिकामं. तो आला नाही हे कुणाला कळणार होतं? ते सांगायचं काम पानाचं होतं.

तिनं मामाला फोन लावला. लागला नाही. खडकांच्या बाहेर लागतच नाही, त्यामुळे त्याचा काही अर्थ नव्हता. मग मामीला लावला. मागं बाळ रडत होतं.

"मामी, मामाशी बोलणं झालं का गं?"

"कशाला? आलेत ते. हिरवं दिसतंय ना. फोन बंद करून घोरत पडले असतील. तू जेवलीस का?"

"हो," मिलिका म्हणाली. "जेवले." आणि तिनं फोन ठेवून दिला. मामीला सांगायचं धैर्य तिला झालं नाही.

पेनीनं पहिल्या रिंगला उचलला. पलीकडे माणसांचं हसणं, नारळाच्या करवंट्यांचा आवाज. वाऱ्यामुळं लवकर परतलेली मंडळी यांगोना, मुळांचं झिंग आणणारं पेय, प्यायला बसली होती.

"पेनी, मामा घरी आहे का बघ. लगेच."

"ओहो! इंजिनीअरबाई! पानावर बघ की. स्वतःचं पान बघायलाही आता माणूस ठेवलायस का?"

"पान चुकीचं आहे. ते सगळ्यांना हिरवंच दाखवतंय. तू ऊठ आणि किनाऱ्यावर जाऊन बघ."

"ऐका रे," पेनी बाकीच्यांना म्हणाला, "आमची आतेबहीण म्हणते, पळ. मागं म्हणाली होती, तुझं डुक्कर पाद्रीबाबांच्या मळ्यात शिरलंय. मी अर्धं गाव पळालो, आणि डुक्कर आपलं कुंपणात लोळतंय."

"पेनी, मी थट्टा करत नाहीये!"

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस." पलीकडे हशा पिकला. "बाबा दुपारीच येतात वारा सुटला की. झोपलेत. तू ये संध्याकाळी, तुझ्यासाठी एक करवंटी ठेवतो."

ती रडकुंडीला आली. पण रडली असती तरी तो म्हणाला असता, नाटकं बघा. इतक्या वर्षांची थट्टा आता तिच्या वाटेत भिंतीसारखी उभी होती.

मग तिनं जेरेमाया आजोबांना फोन लावला; ते वरच्या मळ्यात कसाव्याचे कंद खणत होते. त्यांना धाप लागलेली.

"पोरी, पान हिरवं आहे."

"आजोबा, पान खोटं सांगतंय."

"तुझंच ना ते?"

"माझंच."

"मग?"

तिनं इतके दिवस घरोघर फिरून लोकांना पटवलं होतं की पानावर विश्वास ठेवा. आता लोक ठेवत होते. तिच्यापेक्षा जास्त.

मास्तर तिच्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "रडायचं नंतर. आधी ओळ दुरुस्त कर."

तिनं अवेट लिहिलं. पान कोरं पडलं. ज्या कामात थांबायचं असतं ते थांबणारं काम आहे असं आधी सांगावं लागतं, ते घाईत राहिलं होतं. मास्तरांनी नुसतं बोट ठेवलं. तिनं तोही शब्द घातला आणि पान पुन्हा उघडलं. हे अजून फक्त तिच्या लॅपटॉपवर होतं, गावाला दिसत नव्हतं.

सगळ्या होड्या लाल झाल्या. पेनीचीसुद्धा.

"पुन्हा चुकलं," ती म्हणाली. "पेनी गावात आहे. मी आत्ता त्याच्याशी बोलले."

मास्तरांनी सर्व्हरवरची नोंद काढून पाहिली. "नाही चुकलं. तिथं हेच लिहिलंय. निघाली, निघाली, निघाली. आठवडाभर परत आल्याचं कुणी लावलेलंच नाही."

तेव्हा तिला उमगलं. निघताना बोट लावलं की होडी क्षणभर लाल दिसायची, पान पुन्हा उघडलं की हिरवी. माणूस समुद्रावरून यायचा, फोन काढायचा, बघायचा तर होडी आधीच हिरवी. मग बोट कशाला लावायचं? लोकांनी लावणं सोडून दिलं होतं. तिची चूक एका ओळीची होती, पण त्या ओळीनं लोकांची सवयही बिघडवली होती. आता पान खरं बोलत होतं, तरी त्याला काही ठाऊक नव्हतं. या सगळ्या लाल होड्यांत खरोखर समुद्रावर कोण, हे जगातलं कुठलंही पान सांगू शकत नव्हतं. ते किनाऱ्यावर उभं राहूनच कळणार होतं, आणि किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

"हे गावाच्या पानावर लावू नकोस अजून," मास्तर म्हणाले. "आधी नोंदी साफ करू. सगळं एकदम लाल दिसलं तर गाव घाबरेल."

"घाबरू दे, सर."

"मिलिका, बायका सुव्यातून बघतात म्हणतेस..."

"घाबरले तरच उठतील," ती म्हणाली आणि तिनं पान लावून टाकलं.

मग काहीच झालं नाही. फांदी पत्र्यावर घासत राहिली. खोलीतली बाकीची पोरं आपापल्या वह्यांकडे बघत राहिली. मिलिका फोन उलटा ठेवून बसली, जणू तो चावेल. मग तो वाजला. पेनी. या वेळी मागं हसणं नव्हतं. पळणाऱ्या माणसाचा श्वास आणि वारा.

"मिलिका. थट्टा आहे ना?"

ती उठून खिडकीपाशी गेली.

"अगं थट्टा आहे म्हण. सगळ्यांचे फोन लाल झालेत, बायका ओरडतायत. तूच केलंस ना हे मला उठवायला? म्हण की."

"तू किनाऱ्यावर आहेस?"

"आहे."

"मामाच्या होडीचा दोर खुंट्याला आहे का?"

वारा, नुसता वारा. मग पेनीचा आवाज आला, आणि तो तिनं आजवर ऐकलेला पेनीचा आवाज नव्हता.

"नाही."

फोन बंद व्हायच्या आधी तिला मागून ढोल ऐकू आला. मळ्यातून कुणीतरी म्हाताऱ्याला खाली आणलं होतं, किंवा तो आपला आपण धावत आला होता. ठोके घाईचे होते.

गाडी बेटाला वळसा घालून गावाकडे जाते, खड्ड्यांतून, कडेकडेनं. मिलिका मागच्या बाकावर बसली होती. शेजारच्या बाईनं मांडीवर गरम बाबाकाऊंची पिशवी धरली होती. त्या तळलेल्या कणकेच्या वासानं तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. झाडांच्या फटींतून समुद्र दिसायचा. सकाळी निळा होता, आता करडा झाला होता आणि लांबवर पांढऱ्या शेपट्या उठत होत्या. ती त्यात एक ठिपका शोधत होती. ठिपका दिसायचा, मग तो लाटेचा फेस निघायचा.

मामीचा फोन आला. तिनं तो वाजू दिला. पुन्हा आला तेव्हा उचलला.

"मिलिका, लाल का झालं गं? आत्ता तर हिरवं होतं. हिरवं होतं ना?"

"हिरवं खोटं होतं, मामी."

"कधीपासून?"

"मागच्या शनिवारपासून."

बाळ रडत होतं ते थांबलं, कुणीतरी उचलून नेलं असावं. "माझी चूक झाली," मिलिका म्हणाली, पण फोन केव्हाच बंद झाला होता.

ती पोचली तेव्हा सगळ्या बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या. होड्या गेल्या होत्या. तिला वाट देऊन त्या पुन्हा समुद्राकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एका टोकाला, मामाच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली. इकडे भाची मामाकडे काहीही मागू शकते, आणि तिनं आजवर बरंच काही मागितलं होतं. तिच्या मनात आलं की आपण न मागता त्याचा जीवसुद्धा घेतला. ती वाळूत बसली.

उजेड उतरत गेला. खडकांवरच्या फेसाची रेघ तेवढी दिसत राहिली. जेरेमाया आजोबा ढोलापाशी उभे होते, काठ्या हातात. प्रार्थनेची वेळ झाली होती आणि ते ढोल वाजवत नव्हते.

आधी आवाज आला. एका इंजिनाचा, मग दुसऱ्याचा. खडकांच्या फटीतून पहिली होडी आत शिरली. ती पेनीची. तिच्या मागे दोर, दोराला आणखी एक होडी, डुलत, बंद इंजिनाची. तिच्यात कुणी आहे की नाही ते अंधुक उजेडात कळेना. एक बाई म्हणाली, "रिकामी आहे." दुसरी तिच्यावर खेकसली. मग मागच्या होडीत काहीतरी हललं, उठून बसलं, आणि त्यानं डबा घेऊन पाणी उपसायला सुरुवात केली.

"मेला अजून कामच करतोय," जेरेमाया आजोबा म्हणाले आणि ढोलाकडे वळले. संथ ठोके पडायला लागले.

मामाचे ओठ पांढरे पडले होते, हात दोरानं सोलवटले होते. त्याला घरात नेऊन गोधडीत गुंडाळलं आणि लिंबाच्या पानांचा चहा दिला. मिलिका दाराशी उभी राहिली. आत जायची तिची हिंमत होईना.

"दुपारी इंजिन गेलं," मामा सांगत होता. "खडकांच्या कडेला नांगर टाकला. बेट समोरच होतं."

"मग पोहून बेटावर का नाही गेलास?" शेवटी तिनंच विचारलं.

"गेलो असतो की. ओहोटी होती, कंबरभर पाणी. पण म्हटलं, होडी सोडून गेलो आणि हे मला होडीत शोधायला आले तर? निघताना मी लाल करून निघालो होतो. संध्याकाळी बघतील, येतील." त्यानं चहाचा घोट घेतला. "मग बसलो. मग भरती आली, वारा आला. पोहायची वेळ गेली. नांगर सुटला. तरी म्हटलं, येतीलच. पान आहे ना."

खोलीत पेनी होता. तो बापाच्या पायांपाशी बसून ओला दोर सोडवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मामा," मिलिका म्हणाली, "पान हिरवं होतं."

मामानं कप खाली ठेवला. त्यानं ती गोष्ट समजून घ्यायला वेळ घेतला. ते समजताना त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि समुद्रावर त्याला जी भीती वाटली नव्हती ती त्याला तिथं, घरात, गोधडीत वाटली. हे तिनं पाहिलं.

त्यानंतर पेनी दुकानात आला. प्लग मागितला, तिनं दिला. "आभारी आहे," तो म्हणाला आणि गेला. मिलिका गल्ल्यावर सुन्न बसून राहिली. मामेभावानं आभार मानले होते. यापेक्षा त्यानं काउंटर फोडलं असतं तरी चाललं असतं. पुन्हा आला तेव्हाही तसंच, आभारी आहे. तिनं एकदा डुकरावरून काहीतरी टोकलं. त्यानं मान हलवली, मोठ्या बहिणीशी बोलावं तशी, आणि निघून गेला.

एका रविवारी चर्चनंतर ती मामाकडे गेली. "मला एक हवंय," ती म्हणाली.

"डुक्कर?"

"फळी."

मामा मागं गेला, कुंपण उपटलं, फळी ओढून काढली. डुकरं बाहेर पळाली ती धरण्यात सगळी दुपार गेली. रविवारी काम केलं म्हणून दोघांना बोलणी बसली. फळी घासून पुन्हा शेडवर लागली. पट्ट्या मामानं नव्या केल्या. पान आता बरोबर चालतं. मिलिका सरावासाठी वेगळं पान वापरते. कुठलाही बदल केला की आधी एक खोटी होडी समुद्रावर पाठवते आणि ती लाल होते का बघते. तरी जेरेमाया आजोबा फोन बघतात, मग चालत जाऊन फळी बघतात, मग किनारा बघतात. त्यांना कुणी हसत नाही.

पेनीचं पुढं असं झालं. बऱ्याच दिवसांनी तो दुकानात आला, कोपर गल्ल्यावर टेकलं, आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, "इंजिनीअरबाई, पानावर मी लाल दिसतोय. मी तर अजून निघालोपण नाही."

मिलिकाच्या हातातली दोराची गुंडाळी खाली पडली आणि सुटत दारापर्यंत गेली. ती फोन शोधायला लागली, तो तिच्या दुसऱ्या हातातच होता.

"अगं थट्टा," पेनी घाईनं म्हणाला. तोही घाबरला होता. "थट्टा केली गं. थट्टा."

तरी तिनं पान उघडलं. पेनीची होडी हिरवी होती. तिनं मान वर करून पेनीकडे पाहिलं. तो समोर उभा होता, कोरडा, मूर्खासारखा हसत. तिनं हात पुढं करून त्याचा दंड चाचपला. मग शिवी दिली.